एक घर आत सरकवलेला हत्ती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — तिने आधी मला झोडलं असतं आणि मग अख्ख्या चाळीला सांगितलं असतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि सांगताना मी रडणार वगैरे नाही हं. तशी अपेक्षा असेल तर इथेच थांबा.

मला बुद्धिबळातली कोडी झटपट सुटतात. आजही. फोनवर तीन मिनिटांचं घड्याळ लावते, समोर पट येतो — वजीर कुठे अडकलाय, घोडा एकदम दोघांना कुठे धरतोय — दिसलं की खेळायचं, की पुढचं. ऑफिसातली पोरं म्हणतात, मॅडम, तुम्हाला गॉडगिफ्ट आहे. डोंबलाचं गिफ्ट! घासलंय मी. लालबागच्या एका खोलीत सहा माणसं, टीव्ही चालू, शेजारी कांडप यंत्रावर मिरच्या कुटल्या जातायत, सगळं घर शिंकतंय — आणि मी कॉटवर पट मांडून बसलेली. त्यामुळे माझ्या हुशारीबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

मग मागायची कशाची? — थांबा, येतेय तिथे.

आम्हाला शिकवणारे सर परळला व्यायामशाळेच्या माळ्यावर क्लास घ्यायचे. फी नावाला. त्यांच्याकडे कोड्यांची एक जाडजूड वही होती, चाळीस वर्षं जमवलेली. ती फाटायला आली तेव्हा माझं अक्षर बरं म्हणून सरांनी ती मला उतरवून काढायला दिली. उतरवता उतरवता मला ती पाठ झाली. यात माझा काय गुन्हा? परीक्षा घ्यायची झाली की सर वहीतलंच कोडं द्यायचे, पण आरशात बघितल्यासारखं — डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. कुणी ओळखू नये म्हणून. बाकीच्यांना नाही ओळखता यायचं. मला यायचं.

आणि वैशाली. माझी मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावरची. तिला पाठांतराची गरजच नव्हती. ती पटाकडे बघायची आणि तिला दिसायचं. माझा जळफळाट व्हायचा — सरळ सांगते.

आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा एका कंपनीने खेळाडू म्हणून एक मुलगी घ्यायचं ठरवलं. कायमची नोकरी. नाव सुचवायचं काम सरांकडे आलं. आम्हा दोघींच्याही घरी तेव्हा धड कमावतं कुणी नव्हतं, हे सर जाणून होते, म्हणून त्यांनी वशिला वगैरे भानगडच ठेवली नाही. बारा कोडी, दहा मिनिटं. जिची जास्त सुटतील ती.

घड्याळ दाबलं. दहा मिनिटं म्हणजे काय असतात हो? पाणी प्यायलाही पुरत नाहीत. मला एकेक कोडं ओळखू येत होतं, उलटं करून उत्तर लिहीत होते. वैशाली माझ्या शेजारी, ओठ चावत. वेळ संपली. सरांनी दोन्ही कागद घेतले, आपल्या उत्तरांशी ताडून बघितले. माझी बारा बरोबर. तिची अकरा. नववं चुकलं.

वैशाली म्हणाली, "सर, नवव्यात तुमची खेळी चालत नाही. काळा कॅसलिंग करून सुटतो."

आणि ती बरोबर होती. तुम्हाला बुद्धिबळ येत नसेल तर एवढंच ऐका — कॅसलिंग म्हणजे राजाने कोपऱ्यातल्या हत्तीच्या आड लपायचं, पण दोघं आपापल्या मूळ घरात असले तरच. वहीत राजा मूळ घरात नव्हता. आरशात उलटा केल्यावर नेमका तिथे जाऊन बसला. सरांच्या ते लक्षातच आलं नाही, आणि मी तर बघितलंही नव्हतं. मी पाठ केलेलं लिहिलं. बघितलं होतं फक्त तिने. तेही शेवटच्या मिनिटात.

सरांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, कागदावरचं बारीक बघताना त्रास व्हायचा. त्यांनी कोड्यांचा कागद माझ्या हातात दिला. "पटावर मांड गं नववं. बघूया."

मी मांडलं. राजा, वजीर, प्यादी, सगळं कागदाप्रमाणे. काळा हत्ती तेवढा कोपऱ्यात ठेवायच्या ऐवजी एक घर आत ठेवला. चुकून नाही. आणि कागद घडी करून सरांना परत दिला.

"कुठाय कॅसलिंग?" सर म्हणाले.

वैशाली पटाकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं — संशयाने नाही हो, तेच तर! लाज वाटून. म्हणाली, "सॉरी सर. घाईत मला हत्ती कोपऱ्यात दिसला."

एक शब्द पुरला असता. मी पटावरच्या सोंगट्या गोळा करायला घेतल्या.

नोकरी मला लागली. त्या नोकरीवर धाकट्या भावाचं शिक्षण झालं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आज कुणी म्हणालं परत दे, तर देणार नाही. वाईट वाटतं का? वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून मी चांगली ठरत नाही, एवढी अक्कल आहे मला. घर चालवायचं होतं, वय कमी होतं — ही कारणं तिलाही होती. तिने नाही सरकवला हत्ती.

वैशालीने नंतर पट कधी हातात घेतला नाही. विचारलं की हसून सांगायची, घाई झाली की मला नसलेलं दिसतं बाबा. आणि मग सगळ्याच बाबतीत तसं व्हायला लागलं. दुकानात बिल दोनदा दुसऱ्याकडून तपासून घेते. मुलीच्या फॉर्मवर सही करायच्या आधी मला फोन करते.

मागच्या महिन्यात त्यांच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद आले. संध्याकाळपर्यंत सही करून द्यायची होती. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "पहिल्या पानावर खोलीचं माप वेगळं आणि शेवटच्या पानावर कमी दिसतंय मला. पण माझं काय खरं नाही, तू बघ."

मी बघितलं. माप कमीच होतं. अख्ख्या चाळीत कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, वैशू, तुला बरोबर दिसलंय.

ती मनापासून हसली. "चुकून गं," म्हणाली. "बरं झालं तुला विचारलं."

मी तिला चहा दिला.