गोळीसोबत चखणा

दारू सोडलेली माणसं एकत्र बसली की किस्से आपोआप साठतात. पिणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. आम्हाला सगळंच आठवतं, हीच पंचाईत.

आमच्या कोहका वस्तीत दर रविवारी आमची बैठक असते. दारू सुटली, पण झोप कुणालाच येईना. शेवटी डॉक्टरांनी काही जणांना मेलाटोनिन लिहून दिलं. "ही नशेची गोळी नाही. झोपेची वेळ रुळावर यायला थोडी मदत, बस. घ्या, लाइट बंद करा आणि पडून राहा." इतकं सोपं. पण ऐकतील ते आमचे लोक कसले?

साहू आणि बोरकर पहिल्याच दिवशी गोळ्या घेऊन गच्चीवर बसले. सोबत खारे शेंगदाणे, कापलेला कांदा, लिंबू. गोळी घेतली आणि किक लागायची वाट बघत राहिले. शेवटी बोरकर वैतागला, "माल नकली आहे बे." दुसऱ्या दिवशी पावर हाउस भागातल्या मेडिकलवाल्याशी भांडूनही आला. अशांना डॉक्टर तरी काय करणार?

साहूची तऱ्हा त्याहून निराळी. गोळी घ्यायची आणि ती किती वेळात लागते, याचे व्हिडिओ मोबाइलवर बघत पहाट करायची. वर आम्हालाच सांगायचं, "मले तर काही असर नाही होऊन राहिला."

रेल्वेतल्या वानखेड्यांची मात्र मला खरंच काळजी वाटायची. दारूपायी बायको मोहन नगरला माहेरी गेलेली. पिणं सुटलेलं दिसलं तरच परत येणार होती. सुटलं होतं, पण झोपेविना माणूस इतका हैराण की पुन्हा बाटली धरतो की काय! अशात बायकोचा भाऊ दारूचा ग्लास हातात घेऊन समजवायला आला, "जीजाजी, गोळ्या नका खाऊ. आदत लागून जाते." असे हितचिंतक!

वानखेड्यांनी डॉक्टरांचंच ऐकलं. झोप हळूहळू लागू लागली. एके दिवशी रात्रीच्या जेवणानंतर बायको उरलेले कपडे न्यायला भावासोबत आली, तर हे पलंगावर गाढ. भाऊ म्हणाला, "पाह्य, टाकूनच पडले आहेत."

तिनं वाकून तोंडाचा वास घेतला. मग भावाला एकट्यालाच घरी धाडलं. नवऱ्याला कुशीवर वळवलं आणि पिण्याच्या दिवसांत रोज ठेवायची तशी उलटीची बादली उशाशी ठेवली.

सकाळी वानखेड्यांनी बादली पाहिली. "हे कावून ठेवली? मी पेलो नाही."

"मालूम आहे," ती म्हणाली. "आदत आहे. माही सुटाले टाइम लागन."