चालू मोटरीचं व्होल्टेज

मी सूर्यभान. ताडकळसला माझं पंक्चरचं दुकान हाय, आणि माझ्या पत्र्याला पत्रा लावून रेणुकावहिनीचं मोटर वाइंडिंगचं. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसायची अन् नवी तांब्याची तार भरायची, हा तिचा धंदा. मला कुणाची तारीफ करायची सवय न्हाई, कुणालाबी विचारा. पण हे सांगायलाच पाहिजे, कारण लोक खामखा भलतंच सांगत फिरायलेत.

तिचा नवरा बजरंग दीड वर्षामागं गेला. छातीत दुखलं, परभणीला नेईपर्यंत खेळ खलास. एकुलती लेक जिंतूरला दिलेली. ती म्हणली, आई, दुकान बंद कर अन् माझ्याकडं ये. पण जावयाच्या घरात कोपरा धरून बसायचं वहिनीच्या जिवावर आलं. महिनाभरात तिनं शटर वर केलं. आधी दुकानात दोघं असायची, तवापासून दिवसभर एकटी. दुपारी डबा उघडायची, दोन घास खायची, झाकण लावायची. कधी कधी तर सबंध दिवसात तिचा आवाज फक्त फेरे मोजताना यायचा. एका कॉइलला तारेचे किती वेढे, ते ती मोठ्यानं मोजायची. चुकलं की परत एकपासून. ऐकून मलाच बेजार व्हायचं.

गिऱ्हाईक आधीच कमी झालेलं, त्यात माणिकरावाची मोटर आली. माणिकराव बागायतदार माणूस, तो बोलायला लागला की निम्मं गाव मान डोलावतं. त्याची पाच एचपीची मोटर वहिनीनं भरली, ती सव्वा महिन्यात जळाली. परत भरून दिली, वीस दिवसांत परत जळाली. मग काय, चहाच्या टपरीवर बसून त्यानं तोंडसुख घेतलं. "बजरंगची वाइंडिंग आठ वर्षं चालली. बाईच्या हाताला गुण न्हाई." झालं. लोक मोटरी पूर्णेला न्यायला लागले. मीबी तिथंच बसलो होतो, अन् मीबी मुंडी हलवली. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्यांदा मोटर आणून टाकली तवा वहिनी म्हणली, "भरून देते. पण बसवताना मी शेतात येणार. मोटर चालू करून व्होल्टेज बघणार."

"व्होल्टेज पूर्ण हाय, मी रोज बघतो," माणिकराव म्हणला. "ह्या खेपेला जळाली तर दुकानाला कुलूप लावा, बाई, अन् जा लेकीकडं."

"लावते," ती म्हणली.

माझ्या गाडीवर मीच तिला शेतात नेलं. बोलणारे बोलोत. माणिकरावाची जुनी विहीर लाइटच्या ट्रान्सफॉर्मरला, आमच्या डीपीला, लागून होती. मागल्या साली त्यानं पार शेवटच्या बांधाला नवी विहीर पाडली, मोटर तिकडं नेली, अन् घरात पडलेले तारेचे तुकडे जोडत जोडत हजार फूट लाइट नेली. जोड हातानं पीळ दिलेले, वरून खताच्या गोणीची पट्टी गुंडाळलेली. आमच्याकडं सगळे असंच करतात. माझ्या शेतातबी तेच हाय.

मोटर बंद असताना स्टार्टरला मीटर लावलं. चारशे दाखवलं. माणिकराव माझ्याकडं बघून मिशीत हसला. मग वहिनीनं बटण दाबलं. पाइपातून पाणी पडायला लागलं, अन् मीटर उतरलं. तीनशे दहा.

"हे कसं काय?" माणिकराव म्हणला.

"बंद मोटरीला व्होल्टेज बघून काय कळतंय, भाऊ? करंट वाहायला लागला की मगच तार त्याला अडवती. जितकी लांब, जितकी बारीक, तितकी जादा अडवती. तुमच्या तारेनं नव्वद व्होल्ट वाटेतच खाल्ले." मग तारेला चिमट्यात धरून करंट दाखवणारं दुसरं मीटर तिनं काढलं. "साडेसात अँपिअर पाहिजेत, अकरा चाललेत. पाणी तर तेवढंच वर चढवायचं हाय. व्होल्ट कमी मिळाले की मोटर करंट जादा ओढती. करंट दीडपट झाला की ताप दुपटीच्या वर जातो. कॉइल जळणार न्हाई तर काय करील? अन् तारेत दीड हजार वॅट नुसते तापण्यात जायलेत. शेगडीच केली तुमी तारेची."

तिनं डीपीवरून लाइट बंद केली, एक जोड सोडून दाखवला. पट्टी वितळून तारेला चिकटली होती. माणिकराव बराच वेळ ती बोटानं खरवडत राहिला. तीन दिवसांत त्यानं जाड, सलग तार आणून टाकली. मोटर चालू असताना तीनशे ऐंशी मिळायला लागले.

चार महिने झाले, मोटर चालूच हाय. परवा बाजाराच्या दिवशी माणिकराव मेहुण्याची मोटर टेम्पोत घालून वहिनीकडं आला. दुकानापुढं उभा राहून चार माणसांत मोठ्यानं म्हणला, "इथंच भरा रे. बजरंगची पद्धत हाय इथं. गेला बिचारा, पण बायकोला शिकवून गेला."

माणसं हो हो म्हणली. वहिनीनं हातातली तार दाबायची बांबूची पट्टी खाली ठेवली.

"भाऊ, तुमची आठ वर्षं चाललेली मोटर मीच भरली होती," ती म्हणली. "सगळ्याच मी भरल्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांतला जीव गेला होता. दहा वर्षं त्यांना तार धरताच येत नव्हती."

पत्र्याच्या अलीकडं राहून मला दहा वर्षांत हे कळलं न्हाई. माझे कान काय विकायला नेले होते, देव जाणे.

गप बसेल तर तो माणिकराव कसला. "मग बजरंग दिवसभर आत बसून करायचा तरी काय?"

वहिनीनं पदरानं हात पुसले.

"माझ्यासंगं बोलायचे," ती म्हणली.