संस्कृत बातम्या आणि कुकर

समोरची मुग्धा सकाळी विरजण मागायला आली, तेव्हा ओट्यावरच्या रेडिओवर संस्कृत बातम्या चालू होत्या.

"काका, तुम्हाला कळतं का हो यातलं?"

"नाही."

"मग ऐकता कशाला?"

मी तिच्या वाटीत विरजण घातलं.

माझ्या बायकोला, सुधालाही त्यातलं काही कळायचं नाही. पण ती कुकरच्या शिट्ट्या कधी मोजत नसे. संस्कृत बातम्या संपल्या की गॅस बंद, मराठी बातम्यांना भाजीची फोडणी आणि भावगीतं लागली की माझा डबा तयार. जगात काय चाललंय ते आम्ही रेडिओकडून फारसं घेतलं नाही. घरात आता काय करायचं, तेवढं मात्र रोज घेतलं.

सुधाला जाऊन वर्ष होत आलं. मला अजून रडू आलेलं नाही. लोक वाट बघतात, मीही बघतो. तोवर रेडिओच्या आवाजामागून सकाळ पुढे सरकते.

मुग्धा गेली. बातम्या संपल्या. मी उठलो आणि गॅस बंद करायला हात पुढे केला. तो बंदच होता. शेगडीवर काही नव्हतं. कुकर कालपासून फळीवर पालथा होता.