पंच्याचं दुसरं टोक

सासरे पडणार, हे मला ते पडायच्या तीन महिने आधीच कळून चुकलं होतं. गुजरातेत, गोडादऱ्याच्या कामगारवस्तीत आमची एक खोली होती, भिंतींना निळसर चुना लावलेला. त्या चुन्यावर त्यांच्या तळहाताचे डाग दिसायला लागले होते. आधी फक्त दाराजवळ होते, मग खाटेपासून मोरीपर्यंत एकाला एक लागून. मी ते ओल्या फडक्यानं पुसायचे. आठवडाभरात परत उमटायचे, आणि दर वेळी जरा खाली. मला ते बघवत नसत.

त्यांनी जवळच्याच उधन्यात कापडाच्या कारखान्यात तीस वर्षं लूम चालवले. त्यात कान गेले, पाय नंतर गेले. सासूबाई वारलेल्या, आमची मुलगी संध्याकाळपर्यंत शाळेत, आमचे हे सकाळी सातला कारखान्यात शिरले की संध्याकाळी सातलाच बाहेर. म्हणजे घरात दिवसभर आम्ही दोघंच, आणि आमच्या खानदेशात सून सासऱ्याला हात लावत नाही. पदर डोक्यावर, नजर खाली, ताटसुद्धा जमिनीवरून सरकवायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तरी पाया पडताना मी पायाला नाही, समोरच्या फरशीलाच हात लावायचे. यात मला काही चुकीचं वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. उलट मी सगळं किती नीट पाळते याचा मला तोरा होता.

एकदा मोरीच्या कठड्याला अडखळून त्यांनी गुडघा फोडून घेतला. डॉक्टर गुजराती होते, मोजकं बोलणारे. त्यांनी ह्यांना बजावलं, या वयात खुबा मोडला तर माणूस पुन्हा उभा राहणं कठीण. फरशी कोरडी ठेवा, वाटेत काही पडू देऊ नका, मोरीत धरायला पाइप बसवा. आणि एकटं चालू देऊ नका, कुणीतरी हात धरायचा. ह्यांनी सगळ्याला हो म्हटलं. घरी आल्यावर पाइप येत्या रविवारी बसवतो म्हणाले. हात कुणी धरायचा, हा विषय ना ह्यांनी काढला ना मी.

मग मीच एक युक्ती काढली. पंच्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मी पुढे, ते मागे, खाटेपासून मोरीपर्यंत नऊ पावलं. शेजारणी दारातून बघायच्या आणि सासऱ्याला घेऊन जत्रेला निघालीस का, म्हणून चिडवायच्या. मीही हसायचे. पण पंचा ढिला पडला की मी लगेच मागे वळून बघायचे. पंचा ओढला तर माणूस पुढे येतो, तोल सावरला जात नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. तरी आम्ही तेच चालू ठेवलं, कारण त्यात कुणाचीच लाज जात नव्हती. रविवार येत होते आणि जात होते. पाइप काही येत नव्हता.

मी घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करायचे. पॉलिस्टरची साडी गुळगुळीत फरशीवर तेलासारखी सरकते, म्हणून गठ्ठा खाटेखाली ठेवायचा आणि एकेकच साडी बाहेर काढायची, असा मी नेम केला होता. त्या दिवशी माल संध्याकाळी परत द्यायचा होता. मी चार साड्या एकदम पसरल्या.

दुपारचे तीन झाले असतील. ते झोपलेत असं समजून मी मोरीत हंडा भरत होते. वळून बघते तर ते निम्म्या वाटेवर, पंचा खाटेवरच. मी हाक मारली. बहिऱ्या माणसाला हाक मारून काय होणार, ते मलाही ठाऊक होतं. मी पुढे धावले. त्यांनी मला पाहिलं आणि ते थांबले. एक पाय साडीवर होता आणि ती हळूहळू सरकत होती. त्यांनी हात पुढे केला.

"मना हात धर वं, पोर."

अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाणीसुद्धा तोंडानं मागितलं नव्हतं. धावताना माझा पदर खांद्यावर आला होता. माझे दोन्ही हात वर गेले आणि त्या हातांनी पदर धरला. मी ठरवलं नव्हतं, हातच गेले. पदर कपाळापर्यंत ओढून घेतला तोवर ते पडले होते. आवाज फारसा झाला नाही.

खुबा मोडला होता. संध्याकाळी हे धावत दवाखान्यात आले आणि माझ्याकडे बघून ह्यांनी विचारलं, कसे पडले? मी तोंड उघडायच्या आत, मुलाचे ओठ वाचून, खाटेवरून सासरेच बोलले.

"ती घरमा नव्हती. पानी भराले गयेल व्हती."

ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मग तू तरी काय करणार. मी दोन पावलांवर उभी होते, हे मी तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही.

पुढच्याच रविवारी ह्यांनी मोरीत पाइप बसवला. सासरे मात्र खाटेवरून पुन्हा उठलेच नाहीत. चार महिने त्यांची कूस मीच बदलली, अंग मीच पुसलं, भांडं मीच दिलं आणि घेतलं. सुनेनं सासऱ्याला हात लावू नये, असं त्या चार महिन्यांत एक माणूस बोलला नाही. शेजारणी तर माझं कौतुक करायच्या. मला त्या कौतुकाची चीड यायची. मी हात लावला की ते डोळे मिटून घ्यायचे, आणि सगळे म्हणायचे, दुखत असेल.

ते जायच्या आदल्या आठवड्यात, काही काम नसताना, मी त्यांचा हात नुसताच हातात घेतला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण हात सोडवून घेतला. लाजेनं की रागानं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.