थोरल्याच्या ट्रेलरचे दिवे

माझे दोन मेहुणे एकमेकांशी बोलत नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात आता जुन्या पंख्याच्या कुरकुरीइतकी सवयीची झाली आहे. थोरला मालवाहू ट्रेलर चालवतो. धाकटा ट्रक-तळासमोरच्या, वडिलांनी उभारलेल्या दुकानात गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो. वडील गेले तेव्हा थोरला माल घेऊन फार दूर होता. निरोप मिळताच तो उपाशीपोटी गाडी हाकत निघाला आणि पोहोचला तेव्हा सारे उरकले होते. घाई नातेवाइकांनी केली, हे मान्य. परंतु ‘दादा येईपर्यंत थांबू या’ असे म्हणण्याचा अधिकार ज्या एका माणसाला होता, तो धाकटा खाली मान घालून गप्प उभा राहिला. त्या दिवसापासून थोरल्याने त्याच्याशी बोलणे टाकले.

दुकानात येणे मात्र त्याने टाकले नाही. दुकान वडिलांचे, तेथे येण्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही, अशी त्याची धारणा. शिवाय कारणही आयते मिळे. रिकामा ट्रेलर धावताना असा काही आदळतो की मागच्या दिव्यांतल्या एखाद्या बल्बची तार दोनचार खेपांत तुटतेच. मग थोरला येई, उंबऱ्याबाहेर उभा राही आणि त्या विझलेल्या दिव्याला उद्देशून बोलू लागे.

“काय रे, डावा डोळा गेला का तुझा? सांग तुझ्या डॉक्टरला.”

धाकटाही स्क्रू काढता काढता दिव्यालाच म्हणे, “खड्डे चुकवायला सांग आधी तुझ्या मालकाला.”

“खड्डे चुकवले तर रस्ताच उरत नाही म्हणावं.”

“चहा घेणार का, विचार त्याला.”

“घेईन. पण साखर नको म्हणावं. डॉक्टरनं बंद केलीय. खऱ्या डॉक्टरनं.”

दोन प्रौढ पुरुषांचे हे संभाषण ऐकताना हसावे की कपाळ बडवून घ्यावे, हे मला कधीच ठरवता आले नाही. परंतु भावाला साखरेचा विकार जडला हे धाकट्याला कळले ते असे, दिव्यामार्फत. एक बल्ब बदलायला तो जितका वेळ लावी, तितक्या वेळात दुसऱ्याने अख्ख्या ट्रेलरचे वायरिंग उरकले असते.

मग थोरला ज्याची गाडी चालवी त्या ट्रान्सपोर्टच्या मालकाला सुधारणेची हुक्की आली. साऱ्या गाड्यांचे आणि ट्रेलरचे जुने बल्ब काढून एलईडी दिवे बसवायचे ठरले, आणि काम धाकट्याकडेच आले. हे दिवे आदळआपटीने मोडत नाहीत, बॅटरी फारशी खात नाहीत, लांबून लख्ख दिसतात आणि वर्षानुवर्षे जात नाहीत. यातल्या एकाही गुणाविरुद्ध मला तक्रार करता येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

“आता दादा कशाला येईल दुकानात?” माझी पत्नी म्हणाली.

थोरल्याच्या ट्रेलरचे काम धाकट्याने जीव ओतून केले. प्रत्येक जोड पाणी शिरणार नाही असा बंद केला. फक्त केबिनमधला फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप ठरवणारी छोटी डबी, तेवढी त्याने जुनीच राहू दिली. एलईडीला वीज इतकी कमी लागते की जुन्या फ्लॅशरला वाटते, बल्बच उडाला. आणि मग तो घाबऱ्या घाबऱ्या, दुप्पट वेगाने टिकटिकत सुटतो.

“विसरलास की काय?” मी विचारले.

“नाही, दाजी. टिकटिक ऐकून डोकं उठेल त्याचं. मग चिडून येईल.”

“चिडून?”

“चिडून का होईना.”

थोरला आला नाही. पुढे पत्नीने दिलेला डबा पोहोचवायला मी तळावर गेलो, तेव्हा तो ट्रेलर वळवत होता आणि इंडिकेटर थंडीने दात वाजावेत तसा फडफडत होता.

“हे असं किती दिवस चालवणार?” मी म्हणालो. “धाकट्याकडून राहून गेलं असेल. दाखवून घ्या की.”

थोरला हसला. “दाजी, तो बाबांच्या हाताखाली तयार झालाय. त्याच्याकडून असं राहत नसतं. बोलावतोय तो मला.”

“कळतंय, तर मग जा ना!”

“त्याला तोंड नाही? दर वेळी दिव्याच्या आडून काय?”

“तुम्ही तरी कुठे समोरून बोलत होता?”

“मी थोरला आहे.”

या युक्तिवादाला उत्तर नसते. त्यापायी घराणीच्या घराणी बुडाली आहेत.

मी सारे धाकट्याला जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नवा फ्लॅशर खिशात घातला आणि म्हणाला, “चला, दाजी. जाऊन सांगतो. दुकानात ये म्हणतो.”

तळावर, गोदामापुढच्या रांगेत, थोरला केबिनमध्ये झोपला होता. पाय दारातून बाहेर आलेले. “उठव,” मी म्हणालो.

“झोपू दे. लांबून आला असेल.” आणि तो पायरीवर बसला.

बसला तो बसलाच. सावली आमच्यावरून सरकून पलीकडे गेली, त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला. माल भरायची पाळी आली की गाडी निघून जाईल, असे मी दोनदा बजावले. एकदा तो “दादा” म्हणालासुद्धा. पण ते इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या मलाही धड ऐकू आले नाही.

अखेर थोरल्याने डोळे उघडले. त्याने खाली पाहिले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच, मध्ये कोणताही दिवा न घेता, विचारले, “कधीचा बसलायस?”

“आत्ताच आलो.”

थोरल्याने त्याच्या सदऱ्याकडे पाहिले. “खोटं बोलतोस.” तो चपला शोधू लागला. मग तोंड फिरवून म्हणाला, “तेव्हा एवढा थांबला असतास तर.”

“हो,” धाकटा म्हणाला. नातेवाइकांचे नाव त्याने काढले नाही.

तेवढ्यात गोदामाच्या फाटकातून हाक आली. “बसव लवकर,” थोरला म्हणाला. धाकट्याने जुनी डबी उपटून नवी बसवली, इंडिकेटर शहाण्या माणसासारखा सावकाश लुकलुकू लागला आणि ट्रेलर फाटकाकडे वळला.

परतताना मी विचारले, “दुकानात ये म्हणालास का?”

तो जागच्या जागी थांबला. “राहिलं.”

“अरे, त्यासाठीच तर आलो होतो!”

“हो ना. पण तो मला म्हणाला, दाजी. कधीचा बसलायस, असं मला म्हणाला.”

दिवे उत्तम चालले आहेत. थोरला अजून आलेला नाही. हल्ली दुकानासमोरून जाताना त्याच्या ट्रेलरचा वेग मात्र कमी होतो. तिथे रस्ता खराब आहे, असे धाकटा म्हणतो. मी तो रस्ता रोज पाहतो. चांगला गुळगुळीत आहे.