मागे दिलेला चेंडू

सोफेवाल्याला घाणीचं वावडं नव्हतं. धंदाच तसा होता. लोकांचे जुने सोफे उलटे करायचे, कापड टराटरा फाडायचं आणि आतलं सगळं बाहेर काढायचं: कापलेली नखं, केसांचे पुंजके, चघळून चिकटवलेला च्युइंगम, वाळून कागद झालेली पाल, एकदा तर कुणाची तरी अख्खी कवळी. हे सगळं तो उघड्या हातानं उचलायचा आणि तोच हात पँटला पुसून बिस्किट खायचा. बायको नाक मुरडायची.

"मला नाही बाई कसली किळस येत," तो तिला चिडवायचा.

हे खरं नव्हतं. एका गोष्टीची यायची. समोर मोकळं मैदान पडलेलं असताना कुणी चेंडू मागे दिला, की त्याला तिथल्या तिथे थुंकावंसं वाटायचं. आणि तो ज्या फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक होता, त्या क्लबला दुसरं काही येतच नव्हतं.

तरुणपणी तो याच क्लबकडून पुढच्या फळीत खेळला होता. तेव्हाचा संघ गोल खायचा भरपूर आणि मारायचा त्याहून जास्त. लोक घसा बसेपर्यंत ओरडायचे आणि घरी जाऊन भांडायचे. आता प्रेक्षकांत एक बाई विणकाम घेऊन बसत असे, आणि अख्ख्या सामन्यात तिचा एकही टाका चुकत नसे.

संघाची पद्धत अशी होती. चेंडू कुणालाही मिळो, कुठेही मिळो, तो आधी खांबाकडे जायचा. खांब म्हणजे कप्तान. अध्यक्षांनी एका भाषणात त्याला संघाचा आधारस्तंभ म्हटलं होतं. खेळाडूंनी त्याचं खांब केलं, आणि ते जास्त अचूक होतं, कारण तो हलत नसे. मध्यरेषेच्या जरा मागे कमरेवर हात ठेवून तो उभा असायचा. चेंडू आला की पायाखाली घ्यायचा, खोली बघायला आलेल्या भाडेकरूसारखी चारी बाजूंना नजर फिरवायचा आणि चेंडू आणखी मागे द्यायचा. तोंडावर खेळाडू त्याला दादा म्हणत. दादाला डावलून पुढे जाणं म्हणजे आगाऊपणा. त्याच्या वयाचा मान होता, अनुभवाचा मान होता. समोरच्या संघाला ही रीतभात माहीत नसल्यामुळे ते लोक चेंडू घेऊन जायचे.

खांबाला बसवणं म्हणजे काही डोंगर उचलणं नव्हतं. पण खांब सोफेवाल्याचा मेहुणा होता. बायकोचा एकुलता एक भाऊ.

शेवटचा सामना आला. जिंकला तर क्लब वरच्या गटात राहणार. बरोबरी झाली किंवा हरला तर खालच्या गटात जाणार, जिथले सामने कचरा डेपोच्या भिंतीला लागून असलेल्या मैदानावर होत. अध्यक्षांना त्या वासाची काळजी होती. सोफेवाल्याला एवढंच हवं होतं, की मरण्यापूर्वी एकदा आपला संघ पुढे धावताना दिसावा.

"रविवारी तुझ्या भावाला बसवतोय," त्यानं घरी सांगितलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुठे?"

"बाकावर."

"का? पाय दुखतोय का त्याचा?"

"पाय दुखायला तो वापरावा लागतो."

घडी तिच्या हातातच राहिली. "आणि आईला काय सांगू? जावयानं पोराला घरी बसवलं म्हणून?"

"घरी कुठे? बाकावर. पहिली रांग आहे."

"मला तुमच्या फुटबॉलमधलं काही कळत नाही. त्याला घ्या म्हणजे घ्या." आणि तिनं अबोला धरला. रविवारपर्यंत ती फक्त भांड्यांमार्फत बोलली.

मेहुण्यानं मात्र काही मनाला लावून घेतलं नाही. "भाऊजी, तुम्ही म्हणाल तसं. फक्त एक सांगा, मी नसलो तर चेंडू द्यायचा कुणाला?"

"पुढे."

"हो, पण पुढे कुणाला?"



पहिल्या अर्ध्या वेळात वायरमनला संधी मिळाली. हा डाव्या बाजूनं खेळायचा. दिवसा लोकांच्या घरची विजेची जोडणी करायचा आणि वाऱ्यासारखा पळायचा. तो सगळ्यांना चुकवून आत घुसला. समोर एकटा गोलकीपर. वायरमन थांबला, वळला, आणि दादा नेहमी उभे असत त्या जागी त्यानं चेंडू अगदी मोजूनमापून पाठवला. तिथे गवत होतं. समोरच्या खेळाडूनं आधी आजूबाजूला बघून घेतलं, यात काही डाव तर नाही ना, आणि मग चेंडू घेऊन निघून गेला. गोल झाला नाही तो केवळ गोलपोस्टच्या कृपेनं.

पुढचा पास तर सरळ बाकाकडेच आला. खांबानं तो बसल्याजागी पायाखाली घेतला, चारी बाजूंना पाहिलं आणि मागच्या पाण्याच्या पिंपाकडे सरकवला.

सोफेवाला मान वळवून थुंकला.

मध्यंतरात त्यानं सगळ्यांना उभं केलं. "लाज नाही वाटत? मी लोकांच्या सोफ्यातली कवळी हातानं काढलीय. पण तुमचा खेळ बघून मला ओकारी येते!"

"अहो, सवय आहे हो," वायरमन खाली मान घालून म्हणाला. "माझ्या घरची वीज गेली तरी मी आधी दादांकडे बघेन."

"आता वळून बघ, चप्पलच फेकतो."

दुसऱ्या अर्ध्यात वायरमनला पुन्हा चेंडू मिळाला. खांदा सवयीनं वळू लागला, तेवढ्यात त्याला सोफेवाल्याच्या हातातली चप्पल दिसली. तो जिवाच्या आकांतानं पुढे पळाला आणि त्याच घाबऱ्या वेगात त्यानं चेंडू जाळ्यात मारला. विणणाऱ्या बाईच्या सुईवरून टाके घसरले. लोक ओरडले. आपण ओरडतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

मग सगळेच सुटले. बचाव करणारेसुद्धा पुढे धावू लागले. सोफेवाल्याचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यानं मान वळवली, आणि त्याला आपल्या संघाच्या पाठीमागचं मैदान दिसलं. केवढं ते मोकळं! स्वतः खेळत असताना त्यानं एवढं मागे वळून कधी पाहिलंच नव्हतं. समोरच्यांनी एकदा तिथून मुसंडी मारली, चेंडू आडव्या दांड्यावर आपटला, आणि सोफेवाल्यानं घड्याळ पाहिलं. एक गोल हातात होता. हातातला. तो जाईल. जाऊ नये. थोडाच तर वेळ राहिला होता.

"दादा, ऊठ," त्याच्या तोंडून निघालं. मेहुण्याला त्यानं आयुष्यात दादा म्हटलं नव्हतं.

"कुणाच्या जागी, भाऊजी?"

"वायरमनच्या."

खांब मैदानात उतरला, कमरेवर हात ठेवून आपल्या जागी उभा राहिला, आणि सगळ्या संघाचा जीव भांड्यात पडला. चेंडू त्याच्याकडे आला, त्याच्याकडून मागे गेला, मागून पुन्हा त्याच्याकडे. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. बाईनं सुया सरसावल्या. वायरमन बाकावर बसून बुटांकडे पाहत होता. मग खांबानं चारी बाजूंना नजर फिरवली आणि थेट आपल्याच गोलकीपरकडे, हळुवार, झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसा चेंडू सोडला. तो पोचण्याआधी समोरचा पोचला.

बरोबरी. शिट्टी वाजली. क्लब खालच्या गटात गेला.

"हरलो तर नाही!" अध्यक्षांनी सोफेवाल्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "शेवटी तुम्हीच शहाणपण दाखवलंत. सांभाळून घेतलंत. पुढच्या वर्षीही तुम्हीच पाहिजे आम्हाला."

सोफेवाला हो म्हणाला. नाही म्हणावं हे त्याच्या मनात आलं, पण ते अध्यक्ष गेल्यावर.

घरी आल्यावर तो जेवायला बसण्याआधी नळाशी गेला आणि साबण लावून हात धुऊ लागला. बायको दारात येऊन बघत राहिली. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी तिनंच अबोला सोडला.

"जिंकत होतात ना?"

"हो."

"मग त्याला कशाला उतरवलंत?"

"तूच म्हणालीस ना, त्याला घ्या."

"भाऊ आहे म्हणून म्हणाले हो," ती म्हणाली. "तो खेळतो असं कुणी म्हटलं?"

सोफेवाल्यानं पुन्हा साबण घेतला.

"आत्ता तर धुतलेत," ती म्हणाली.