कणगीतला जासूस

सिरसाळ्याच्या बाजारात पूर्वी पत्र्याची एक टाकी होती. टाकी म्हणजे सिनेमाचं थेटर. बाजाराच्या दिवशी तिथं दुपारी तीनचा खेळ लागायचा आणि दारावर आश्रुबा उभा असायचा. वय बावीस-तेवीस, अंगात खाकी शर्ट, खांद्यावर गमजा. बाकीचे दिवस तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा. बाजारादिवशी मात्र तिकीट फाडणारा, आत सोडणारा, बिनतिकिटाला गचांडी धरून बाहेर काढणारा तोच.

त्यानं स्वतः सिनेमा कधी बघितला नाही. दुपारचा खेळ, बाहेर ऊन मी म्हणत असायचं. दाराला लावलेला काळा पडदा बोटभर जरी सरकला तरी आत सगळा पडदा पांढरा व्हायचा आणि लोक शिव्या घालायचे. म्हणून दार लावून त्यानं बाहेरच थांबायचं, असा मालकाचा नियम होता. संध्याकाळच्या खेळाला थांबावं, तर गावाकडं जाणारी शेवटची एसटी सहाची, आणि घरी आई एकटी.

मग त्यानं एक सवय लावून घेतली. खेळ सुटला की बाहेर येणाऱ्याला विचारायचं, "कसा वाटला?"

त्या साली जासूसाचा एक हिंदी पिक्चर आला आणि लोकांना इतका आवडला की तो चांगला दोन महिने हलला नाही. त्यातला जासूस नवरदेव होऊन दुश्मनाच्या वरातीत शिरतो, घोडा बिथरतो आणि त्याला थेट दुश्मनाच्या अड्ड्यावर नेऊन सोडतो. बरोबर एक भित्रा आचारी. मिठाईच्या डब्यात बाँब ठेवलेला असतो, तोच डबा हा पठ्ठ्या खायला उघडतो. एवढं आश्रुबाला पहिल्याच बाजारी कळलं. पुढचं लोकांकडून थोडं थोडं कळत गेलं.

बैलांचा व्यापारी गहिनीनाथ बाहेर आला तो तणतणत. "मारामारी झकास हाय बे. पण दुश्मन लई येडे दाखवलेत. इतके येडे असते तर सरकारनं फौज कावून ठिवली असती?"

शाळेतले त्रिंबक गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "तसं न्हाई, आश्रुबा. जीव मुठीत धरला की माणसाला हसू लवकर येतं. डबा उघडताना मी घाबरलो बी आणि हसलो बी. एकाच वेळी."

एक म्हातारी तर आचाऱ्याला बांधून ठेवतात म्हणून डोळे पुसतच निघाली. अशा एकेकाच्या बोलण्यातून आश्रुबाच्या डोक्यात पिक्चर उभा राहत गेला.

मग एका बाजारी मध्यांतरातच एक मुलगी बाहेर आली आणि दारापाशी लिंबाखाली थांबली. तिची मावशी बाजारात अंडी विकायची. आश्रुबानं सवयीनं विचारलं, "कसा वाटला?"

"ब्येस हाय," ती म्हणाली.

मध्येच उठली म्हणजे हिनं आधी बघितला असणार, असं धरून त्यानं विचारलं, "पुढं काय होतं? घोडा अड्ड्यावर गेल्यावर?"

ती जरा थांबली. मग सांगू लागली. जासूस पळत पळत एका म्हातारीच्या घरात शिरतो. म्हातारी त्याला कणगीत लपवते, वर झाकण ठेवते आणि त्या झाकणावर बसून भाकरी थापते. दुश्मन येतात, बंदुका रोखतात. तेवढ्यात कणगीत धान्याच्या धुळीनं जासूस शिंकतो. म्हातारी लगेच नाकाला पदर लावते. "मेलं हे पडसं," म्हणते, आणि त्यांनाच भाकरी वाढते.

आश्रुबा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. पुढच्या बाजारी ती पुन्हा आली, तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं. तिनं अजून थोडं सांगितलं. तिचं नाव भिवरा. सहा महिन्यांनी आश्रुबाच्या आईनं रीतसर मागणी घातली.

याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. टाकी बंद पडली, पत्रे विकले गेले. आश्रुबानं मोंढ्यातच हमाली केली, गुडघे गेले तेव्हा थांबला. पण जासूसाचा पिक्चर तो सांगत राहिला. आधी लेकरांना सांगितला, मग नातवंडांना. कणगीचा प्रसंग आला की सांगताना तो खरोखर शिंकायचा. एकदा त्रिंबक गुरुजींना त्यानं विचारलं, "तुमी तर कणगीचं कधी बोललाच न्हाई?" गुरुजी म्हणाले, "असंल बाबा. माझा डोळा लागला असंल."

परवा नात तेजश्री सुट्टीला आली. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. दुपारी मोबाईल चाळता चाळता ओरडली, "आबा, तुमचा जासूस सापडला! पूर्ण पिक्चर हाय."

"आन बाकीचे काय म्हणतेत?" आश्रुबानं आधी हेच विचारलं.

तेजश्री खालचे अभिप्राय वाचू लागली. कुणी लिहिलं होतं, 'लहानपणी बघताना घाबरलो होतो, आता मुलांबरोबर हसलो.' कुणी, 'शेवट फार लांबवलाय.' कुणी, 'आजच्या पिक्चरमध्ये नुसता धूर असतो, यात माणसं आहेत.' एकानं फक्त 'फालतू' लिहिलं होतं.

"अर्ध्यातनं उठून गेला असंल त्यो," आश्रुबा रागानं म्हणाला. "अर्धवट बगायचं आन नावं ठिवायची."

भिवराबाई दारात सुपात तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

तेजश्रीनं मोबाईल टीव्हीला जोडला, खिडक्या लावल्या. आश्रुबा पाय पसरून भिंतीला टेकला. वरात आली, घोडा बिथरला, आणि तो लहान लेकरासारखा टाळ्या पिटू लागला. "आता बग! आता म्हातारी!"

म्हातारी आली नाही. घोडा अड्ड्यावर गेला आणि जासूस सरळ तळघरात पडला. मिठाईचा डबा आला, आचाऱ्याला बांधलं, शेवटची मारामारी झाली, पिक्चर संपला. आश्रुबा टीव्हीकडं बघतच राहिला.

"कापलाय," तो म्हणाला. "कणगीचा शीन कापलाय ह्यांनी. खालच्या लोकांनी काय लिवलंय का बग."

तेजश्रीनं शोधलं. "कुणीच नाही लिहिलं, आबा."

"कापला न्हाई." भिवराबाईनं सूप खाली ठेवलं. "नव्हताच त्यो."

आश्रुबा तिच्याकडं वळला. मग तीच म्हणाली, "मावशीची बस पाचची व्हती. मला कवाच पुरा पिक्चर बगाया मिळाला न्हाई. मध्येच उठावं लागायचं. तुमी इचारलं पुढं काय, तर न्हाई ठावं म्हणायची लाज वाटली. म्हणून सांगितलं कायबाय."

"आन दुसऱ्या बाजारी?"

"तवा लाज नव्हती." ती पदराशी चाळा करत हसली. "तुमी लई मन लावून ऐकत व्हते. घरात माझं कुणी ऐकत नसायचं. आमी सात बहिणी."

आश्रुबा भिंतीला धरून उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. तेजश्री घाबरली. "आजी, चिडले का ते?"

"बसू दे," भिवराबाई म्हणाली, पण तिचं तुरीत लक्ष लागेना.

ओट्यावर आश्रुबाला राग शोधूनही सापडत नव्हता. गहिनीनाथानं सांगितलेलं बरोबर निघालं, गुरुजींचंही. ते सगळं त्यानं आज डोळ्यांनी बघितलं. पण जे त्याला सगळ्यांत आवडलं, जे तो जन्मभर शिंकून सांगत आला, ते फक्त त्याच्याचसाठी, लिंबाखाली उभं राहून, एका मुलीनं तिथल्या तिथं रचलं होतं. त्याचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं तो आत आला.

"तेजे, लिव," तो म्हणाला. "पिक्चर चांगला हाय. घोडा लई भारी. पण कणगीचा शीन असता तर आणखी चांगला झाला असता."

"खरंच टाकू?"

"टाक. मीबी बघणारा हाय आता."

तेजश्रीनं टाकलं. भिवराबाई "काय बाई येडेपणा" म्हणत आत गेली आणि तिनं चहा ठेवला. चहा होईपर्यंत सोलापूरच्या कुणा माणसाचं उत्तर आलं, 'काका, हा सीन मला आठवत नाही. सांगा ना काय होतं त्यात.'

आश्रुबानं भिवराबाईकडं बघितलं. "तूच सांग. तुझा हाय."

"इश्श. मला न्हाई येत तसलं."

"मला येत व्हतं तवर मी सांगितलं. आता तू सांग. आन एक न्हाई कळलं मला कवा. दुश्मन भाकरी खाऊन गेल्यावर त्या म्हातारीचं पुढं काय झालं?"

भिवराबाई कपबश्या घेऊन खाली बसली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि जरा विचार करून बोलू लागली. तेजश्रीची बोटं चालू लागली. आश्रुबानं बशीत चहा ओतला, पण तो तसाच निवत राहिला.

"झाकण लाकडाचं लिवलंस का?" भिवराबाईनं मध्येच विचारलं. "नुसतं लाकडाचं नको. वर ती बसलीय, आवाज हुईल. त्याच्यावर गोधडी घडी घालून ठिवली म्हण."